तक्त्यातील शेवटचा रकाना

शांताबाईंनी एकतीस वर्षे नगरपालिकेत झाडूकाम केले. गोदावरीकाठच्या एका तालुक्याच्या गावी, पहाटे साडेपाचच्या हजेरीला त्या हातात झाडू, बादली आणि चुन्याचा डबा घेऊन उभ्या राहत. रस्ते झाडणे हे त्यांच्या कामातील सोपे काम होते. अवघड काम होते ते बाजारतळामागच्या सार्वजनिक संडासांच्या दोन रांगांचे. त्याचे वर्णन त्या कधी करीत नसत. कोणी विचारलेच तर एवढेच म्हणत, "ज्यांनी केलं ते नाक दाबून निघून गेले. मी नाक दाबलं असतं तर कामाला हात रिकामा राहिला नसता."

दोन हजार चार साली त्या मुलाकडे सिंगापूरला आल्या. मुलगा प्रबोध चांगी बिझनेस पार्कमध्ये अभियंता होता. सून अंजली एका प्रयोगशाळेत संशोधन करीत होती. दहा वर्षांची नात श्रियाला मराठी समजत असे, परंतु उत्तर ती इंग्रजीत देत असे. सिमेईच्या फ्लॅटमध्ये शांताबाईंना स्वतंत्र खोली होती. नोकरी सुटल्यावर गावच्या विहारात चालणाऱ्या प्रौढांच्या वर्गात त्या अक्षरे शिकल्या होत्या. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवीत, त्या दिसेल ते वाचत. औषधाची बाटली, लिफ्टमधील सूचनांमधले आकडे, गावाकडून आलेली पत्रिका, काहीही. उशिरा शिकलेल्या माणसाला एकही छापील कागद न वाचता टाकवत नाही.

दोन हजार सहाच्या मार्च महिन्यात ब्रिटनच्या सहलीचा बेत निघाला. बेत प्रबोधचे मित्र हेमचंद्र यांचा. ते तांजोंग पगारला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि सिंगापूरचे नागरिकत्व घेऊन त्यांना सहा वर्षे झाली होती. ते एकदा मोटरहोमने, म्हणजे आत बिछाने, शेगडी आणि संडास असलेल्या मोठ्या गाडीने, स्कॉटलंडपर्यंत जाऊन आले होते. तेव्हापासून परदेशातून ब्रिटन पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला सल्ला देणे हा त्यांचा छंद झाला होता. यंदा तीन कुटुंबांनी जूनच्या सुट्टीत चौदा दिवस जायचे ठरले. हेमचंद्र आणि त्यांची पत्नी स्मिता, त्यांचे मित्र चारुदत्त यांचे कुटुंब आणि प्रबोधचे कुटुंब. दहा माणसे, दोन गाड्या.

पहिली बैठक हेमचंद्रांच्या कॉन्डोमध्ये, म्हणजे खाजगी संकुलातल्या फ्लॅटमध्ये, रविवारी दुपारी झाली. चहा आणि चिवडा मधोमध ठेवून हेमचंद्र बोलू लागले. त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे होते, हे मान्य केले पाहिजे.

"पहिली गोष्ट, गाडी साडेतीन टनांच्या वर घ्यायची नाही. आपल्या परवान्यावर ती चालवता येत नाही. दुसरी, गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून समोरच्या काचेला चिकटवायची. तिकडच्या खेड्यातले पूल ठेंगणे असतात, छप्पर सोलून निघतं. तिसरी, जेवढी माणसं तेवढे सीटचे पट्टे मोजून घ्यायचे. बिछाने सहा म्हणून माणसं सहा, असं नसतं."

"आणि लंडन?" चारुदत्तांनी विचारले. ते हिशेबनीस होते आणि प्रत्येक गोष्ट वहीत टिपत होते.

"लंडनमध्ये गाडी न्यायचीच नाही. बाहेर, अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या तळावर लावायची, आगगाडीने जायचं. रस्त्याच्या कडेला वाटेल तिथे मुक्काम चालत नाही. तळ आजच आरक्षित करावे लागतील. प्रबोध, तुमचे पासपोर्ट भारतीय, व्हिसाचं तुम्ही लगेच बघा."

मग त्यांनी लॅपटॉपवर गाडीच्या आतली चित्रे दाखवली. शेगडीपासून हातभर अंतरावर संडासाचे दार होते. खाली एक पेटी होती. तीत निळे औषध घालायचे, दिवसभराचा मैला तीत साचतो, आणि रोज ती बाहेर ओढून, तळावर नेमून दिलेल्या जागी नेऊन उपडी करायची आणि धुवायची.

"ई!" स्मिताताईंनी तोंडाला पदर नव्हता म्हणून हातातला कागदी रुमाल लावला. "चिवडा खाताना कशाला दाखवताय? मला ढवळून आलं."

सगळे हसले. शांताबाई हसल्या नाहीत. हसण्यासारखे त्यांना त्यात काही दिसले नाही.

शेवटी हेमचंद्रांनी कामाच्या वाटणीचा तक्ता वाटला. आपली सहल मराठी आहे, तेव्हा तक्ताही मराठीच, असे म्हणून त्यांनी तो स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून त्याच्या प्रती काढल्या होत्या. "काकू, तुमचं काम एकच. आशीर्वाद द्यायचे!" असे म्हणून त्यांनी एक प्रत शांताबाईंच्याही हाती दिली. शांताबाईंना हा मान वाटला. त्यांनी कागदाची चौकोनी घडी करून पिशवीत ठेवली.

परतताना एमआरटीच्या आगगाडीत बसायला जागा मिळाली तेव्हा त्यांनी तो उघडला आणि ओळीखाली बोट ठेवले. वाहन चालवणे: हेमचंद्र, चारुदत्त, हेमचंद्र. नकाशा: चारुदत्त, प्रबोध. स्वयंपाक: स्मिता, अंजली. पाणी भरणे, गॅस पाहणे, या रकान्यांतही नावे आलटून पालटून होती. शेवटचा रकाना होता 'विशेष स्वच्छता, दोन्ही गाड्या'. त्याखाली प्रबोधचे नाव होते, आणि त्याच्या खाली तेरा ओळींत दोन-दोन छोट्या तिरप्या रेघा.

"अंजली, ह्या रेघा कशाच्या गं?"

सुनेने वाकून पाहिले. तिचा चेहरा एकदम उतरला. "वरच्यासारखंच, आई. म्हणजे वर जे नाव आहे, तेच खाली."

"चौदा दिवस?"

"चौदा दिवस."

शांताबाईंनी समोर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिले. तो दाराकडे पाहत होता. त्याला हे ठाऊक होते, हे त्यांना त्याच्या मानेवरून कळले.

घरी पोचल्यावर त्यांनी पाणीही घेतले नाही. "तुला विचारलं होतं का?"

"हो आई. हेमचंद्रने फोन केला होता. म्हणाला, तू इंजिनिअर आहेस, तुला त्या पेटीची रचना कळेल. दहा मिनिटांचं काम असतं, हातमोजे असतात. मी म्हटलं, ठीक आहे."

"आणखी कुणाला विचारलं?"

प्रबोधने हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"चारुदत्ताला पेटीची रचना कळत नाही? खटका दाबायचा आणि ओढायची, आत्ता चित्रांत दाखवलं ना त्यानं. मला अंगठेबहाद्दर बाईला कळलं."

"आई, उगाच वाढवू नकोस. इथं कुणी तसं मनात आणत नाही. चांगली माणसं आहेत. तुला 'काकू, काकू' करतात."

"साखर पेरली म्हणजे घाण झाकत नाही, प्रबोध. मुंग्या लागतात फक्त."

नंतर त्या जे बोलल्या ते अंजलीने पूर्वी कधी ऐकले नव्हते. शांताबाई सासूच्या जागेवर कामाला लागल्या होत्या. सफाईच्या कामात वारसाहक्क असतो. आईची जागा मुलाला, सासूची सुनेला. बाकी कोणत्याही खात्यात गरिबाच्या पोराला एवढ्या सहज सरकारी नोकरी मिळत नाही, या एकाच खात्यात मिळते. त्या निवृत्त होताना कारकुनाने फॉर्म पुढे केला होता. वारसाचे नाव सांगा आणि अंगठा द्या. प्रबोध तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता, नोकरीचा भरवसा नव्हता. साहेब म्हणाले, "बाई, कायमची जागा आहे, वाया घालवू नका. शिकला तरी पोरगा काय करणार?" वस्तीतल्या बायकांनी त्यांना वेडी म्हटले. दीर चार महिने बोलले नाहीत. शांताबाईंनी अंगठा दिला नाही. तो चौकोन त्यांनी कोराच ठेवला.

"मला तेव्हा अक्षर येत नव्हतं," त्या म्हणाल्या, "पण तुझं नाव त्या कागदावर जाऊ नये एवढं कळत होतं. आणि तू शिकून-सवरून, समुद्र ओलांडून, चहा पिता पिता ते जाऊ दिलंस. त्या लोकांची मला किळस आलीच. पण खरं सांगू? तुझ्या 'ठीक आहे'ची जास्त आली. मैल्याचा वास साबणानं जातो. ह्याचा जात नाही."

प्रबोधच्या डोळ्यांत पाणी आले, पण आईने तिकडे लक्ष दिले नाही.

"मी नाव खोडणार नाही. मी भांडणारही नाही. तू लिहू दिलंस, तूच खोड, त्यांच्या समोर. नाहीतर माझं विमानाचं तिकीट ब्रिटनचं नको, गावचं काढ."

पुढच्या शनिवारी बैठक प्रबोधच्या घरी होती. मधले पाच दिवस शांताबाई मुलाशी कामापुरते बोलल्या. श्रियाने आईला विचारले, "Why Aaji so angry ah?" मुलीला ते कोणत्या शब्दांत सांगावे, हेच अंजलीला सुचेना.

पाहुणे आले. स्मिताताईंनी चहाचा कप हातात घेतला, वाफेकडे पाहिले आणि तो पुन्हा टेबलावर ठेवला. हेमचंद्रांनी तळांची यादी काढली. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर कोणी मागे सरायचे, रात्री गॅस बंद का करायचा, हे त्यांनी समजावले. शांताबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. त्या एकाच गोष्टीची वाट पाहत होत्या. अर्धा तास गेला. प्रबोध मान डोलवीत राहिला. आपला मुलगा मूग गिळून बसणार, असे त्यांच्या मनाने घेतले.

तेवढ्यात प्रबोध म्हणाला, "हेमचंद्र, शेवटच्या रकान्याचं जरा बोलू. ते काम आपण पाळीपाळीने करू. सहा मोठी माणसं आहेत, दोन-दोन दिवस येतील, दोन दिवस मी जास्त घेतो."

"अरे, तू तर हो म्हणाला होतास."

"चुकलो."

"मला नाही बाई जमणार," स्मिताताई लगेच म्हणाल्या. "मला तर नुसतं बघून ओकारी येते. आणि ह्यांची कंबर!"

"आमची ही तर घरातला कचरासुद्धा मोलकरणीलाच टाकायला लावते," चारुदत्त हसत म्हणाले. मग समजुतीच्या सुरात त्यांनी जोडले, "प्रबोध, ज्याला जे सोपं जातं ते त्यानं करावं, एवढाच हेतू होता रे. तुमच्याकडे त्याचं कुणाला एवढं काही वाटत नाही ना, म्हणून."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?" प्रबोधने विचारले.

चारुदत्तांनी वही मिटली. "म्हणजे... काकूच म्हणाल्या होत्या ना, त्यांनी... त्यात लपवण्यासारखं काय आहे? उलट मी आदरानेच..."

"लपवलं नाहीच बाबा," शांताबाई प्रथमच बोलल्या. "एकतीस वर्षं घाण उचलली. वाटत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काकू, सिंगापूरला येऊन तरी आपण हे जुनं काढू नये," हेमचंद्र दुखावल्या स्वरात म्हणाले. "इथे कोण जात बघतं? तुम्ही उगाच भलता अर्थ लावलात. मला फार वाईट वाटलं."

वाईट त्यांना वाटले होते! शांताबाईंना आता खरोखर ओकारी आली. बाजारतळामागच्या रांगांत जी घाण होती तिने कधी असा दावा केला नव्हता की आपल्याला कोणी दुखावले.

प्रबोध उठला. त्याने टेबलावरचा तक्ता ओढला, खिशातले पेन काढले आणि आपल्या नावावर रेघ मारली. मग एक एक करून खालच्या तेराही खुणांवर मारली. घाई केली नाही. सगळे पाहत राहिले.

"आता तुम्ही लिहा," त्याने पेन हेमचंद्रांपुढे धरले. "पहिला दिवस कुणाचा?"

पेन कोणी घेतले नाही. हेमचंद्रांनी स्मिताताईंकडे पाहिले, स्मिताताईंनी चारुदत्तांकडे. शेवटी हेमचंद्र म्हणाले, "मला वाटतं, इतक्या माणसांना मोटरहोम सोयीचं नाहीच. कोचची सहल बरी. हॉटेलात सगळं असतं."

अशा रीतीने चार शिकलेली माणसे आपलाच मैला दोन दिवस उचलण्यापेक्षा सारा बेत मोडायला तयार झाली. निरोप घेताना स्मिताताई शांताबाईंच्या पाया पडायला वाकल्या. शांताबाईंनी पाय मागे घेतले.

प्रबोधने मात्र चौघांपुरती लहान गाडी ठरवली. रविवारी सकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेतला, रकाने आखले आणि शेवटच्या रकान्यात लिहू लागला. प्रबोध. अंजली. मग श्रिया.

"Eee, Baba! Don't want lah! So gross!"

"मी बरोबर येईन गं," अंजली म्हणाली.

"किळस येणारच," शांताबाई नातीला म्हणाल्या. "मला रोज यायची. येऊ दे. पण तुझी घाण तू उचल, दुसऱ्याच्या डोक्यावर देऊ नकोस."

श्रिया नाक मुरडून बसली, पण तिने नाव खोडायला पेन मागितले नाही. प्रबोधने चौथ्या ओळीवर पेन टेकवले आणि आईकडे पाहिले.

"माझं नाव घालू नकोस," शांताबाई म्हणाल्या. "माझी पाळी झाली. चहा टाक आता."