डाव्या कडेमागची जागा

रविवारी सकाळी फोन आला तेव्हा मी मैदानावर जायला बूट बांधत होतो. पलीकडे आमच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर मंजू. "सर, अण्णा गेले... झोपेतच. आपली टीम संपली, सर." धक्का बसलाच, पण त्यामागोमाग जे मनात आलं तेही लिहितो. टीम संपली म्हणजे? मी अजून आहे ना!

मारुती निपाणीकडचा, आमच्या कारखान्यात लेथवर. माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी बंगळुरूतल्या येलहंक्याच्या मैदानावर सगळे त्याला अण्णा म्हणत आणि मला सर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे सर म्हटलेलं आवडायचं. पण अण्णा म्हणताना त्यांचा आवाज वेगळा व्हायचा. तो मला बरोबर ऐकू यायचा.

तीन-पाच-दोन ही रचना मी आणली. पुस्तकं वाचून, कागदावर आखून. मागे तिघे, मध्ये पाच, पुढे दोघे. मधल्या गर्दीत समोरच्याला चेंडूच मिळत नाही, हे तिचं बळ. पाचांतले दोघे दोन कडांना. त्यांनी चढाईलाही धावायचं आणि परतही यायचं. नाही परतले, तर त्यांच्या पाठीमागची सगळी पट्टी मोकळी, हे तिचं दुखणं. डावी कड माझी. जायचो झोकात, परतताना धाप लागायची. मागच्या तिघांतला डावा मारुती. "जावा की सर पुढं," तो म्हणायचा, "मी हाय मागं." मला वाटायचं, हा कोण मला परवानगी देणारा? जिंकलो की सगळे त्यालाच खांद्यावर घेत.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. चहा देताना वहिनी म्हणाल्या, "हे सारखं सांगायचे, आमच्या सरांनी कागदावर असं आखून दिलंय, आम्हास्नी कोण हरवतंय!" छाती फुगली माझी. त्या घरात, त्या दिवशीसुद्धा... फुगली.

पुढच्या रविवारी तीच रचना. मध्यंतरापर्यंत तीन गोल खाल्ले, तिन्ही माझ्या पाठीमागून. दर वेळी वळून बघायचो, तर तिथे कोणी नाही. मारुतीच्या जागी आलेल्या माणसावर ओरडलो. तो म्हणाला, "सर, कागदावर दाखवलंय तिथंच उभा आहे."

खरंच तिथेच होता. नऊ वर्षं तिथे न थांबता माझ्या मागची पट्टी झाकणारा मारुती होता.

"सर, स्वल्प... थोडं बदलू या का?" मंजूने विचारलं. मी डावी कड दुसऱ्याला दिली आणि मागे मारुतीच्या जागी जाऊन उभा राहिलो. तिथून सगळं मैदान दिसतं. पुढे धावत सुटलेला माणूसही दिसतो, पाठमोरा. नऊ वर्षं माझी ही पाठ बघून मारुती घरी जाऊन माझंच कौतुक करायचा. मला नसतं जमलं. गेल्यावरही हेवा वाटावा असं का वागलास रे...

तेवढ्यात चेंडू डावीकडून आला. मी धावलो. पोचलो, पण उशिरा.