बाबांच्या अंगातले क्वार्क

एमएस्सीला माझा प्रबंध क्वार्कवर होता. घरी हे कुणाला नीट माहीत नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "फिजिक्स करते," आणि विषय तिथे संपायचा. बाबांनी मात्र एकदा विचारलं. मी सुट्टीला घरी आले होते आणि ते पडवीत फाटलेलं जाळं सांधत बसले होते.

"बाय, तू तिथं नक्की बघतेस काय?"

मी इंग्रजी शाळेत शिकले. आमचं गाव काशीदच्या अलीकडे, शाळा अलिबागेत. घरात मराठीच बोलतो, पण अभ्यासातलं काही मराठीत सांगायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. त्यात मी मुळातच कमी बोलते. तरी त्या दिवशी सांगितलं. कुठलीही वस्तू घ्या, हे जाळं, टोपलीतली कोलंबी, तुमचा हात. कापत कापत गेलात तर शेवटी अणू येतो. अणूच्या पोटात केंद्र, केंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि त्या प्रत्येकात तीन-तीन क्वार्क. त्यांच्या इथे लागणाऱ्या जाती दोन, अप आणि डाउन. प्रोटॉनमध्ये दोन अप, एक डाउन. न्यूट्रॉनमध्ये त्याच्या उलट. क्वार्कच्या आत काय आहे ते कुणाला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही.

बाबांची सुई थांबली नव्हती. "मग एक सुटा आणून दाखव."

"सुटा मिळत नाही, बाबा. आजवर कुणालाच मिळालेला नाही."

"म्हणजे पकडला न्हाय, डोळ्यांनी बघितला न्हाय, पण हाय."

"हो."

"तुझ्या काकाच्या हातून सुटलेल्या घोळ मासळीसारखा," ते म्हणाले. "ती पण दर वर्षी थोडी मोठी व्हते."

आमचं त्या विषयावर एवढंच बोलणं झालं होतं. पुढे मी पास होऊन घरी आले, नोकरीचे अर्ज करत बसले, आणि त्याच दिवसांत बाबांच्या मानेत गाठ लागली. आधी सुपारीएवढी होती. तपासणीत ती वाईटच निघाली. डॉक्टरांनी समोर बसवून सरळ सांगितलं: गाठ मानेतच असेल तर ऑपरेशन करून काढता येईल. दुसरीकडे पसरली असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही. कुठे आहे, कुठे नाही, ते पेट स्कॅनमध्ये दिसेल. स्कॅन नवी मुंबईतल्या एका सेंटरवर होता आणि त्याची तारीख मिळायलाच तीन आठवडे गेले.

सेंटरच्या सूचना इंग्रजीत होत्या. मी त्या मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवल्या. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत: सहा तास आधीपासून साध्या पाण्याशिवाय काहीही घ्यायचं नाही. बाबांना साखरेचा त्रास होता, म्हणून त्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली.

स्कॅनच्या आदल्या संध्याकाळी काकांच्या होडीवर पूजा होती. नवीन इंजिन बसवलं होतं. बाबांना बरं वाटत नव्हतं, ते गेले नाहीत, लवकर झोपले. सकाळी साडेसहाला गाडी दारात आली. मी फाइल घेऊन उभी होते. तेवढ्यात काका आणि काकू आले. काकांच्या हातात द्रोण होता, वर केळीचं पान झाकलेलं.

"दादा, रात्री तू आला न्हाईस. परसाद राहिला तुझा."

साजूक तुपातला शिरा होता. पूजेच्या पोथीत एक गोष्ट आहे. एक मुलगी प्रसाद न घेता घाईघाईने बंदरावर धावते आणि तिच्या नवऱ्याचं जहाज बुडतं. ज्यांच्या घरातला माणूस रोज पाण्यावर जातो, त्यांच्याकडे ही गोष्ट नुसती ऐकून सोडून देत नाहीत. आमच्याकडे प्रसाद नाकारत नाहीत आणि घेतलेला पानात टाकत नाहीत. आईने द्रोणाकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या कागदाकडे.

"परसाद म्हणजे काय खाणं थोडंच हाय," ती म्हणाली. "आजच्या दिवशी तरी नको म्हणू नका."

बाबांनी चप्पल काढली, द्रोण कपाळाला लावला आणि उभ्या उभ्या सगळा शिरा संपवला. गिळताना त्यांना त्रास होत होता, मान तिरकी करून ते एकेक घास खाली ढकलत होते. माझं वाक्य तयार होतं. बाबा, साखर नको. तीन शब्द. पण काका बघत होते, काकू बघत होत्या, आईचे हात जोडलेले होते, आणि एवढ्या लोकांत देवाच्या प्रसादाला नको म्हणणारी मुलगी व्हायचं धैर्य मला झालं नाही. मी स्वतःशी हिशेब केला, पाच-सहा चमचे असेल, स्कॅनची वेळ दहाची आहे, तोवर उतरेल. फाइल छातीशी धरून मी गाडीत जाऊन बसले.

सेंटर तळघरात होतं. तिथली तंत्रज्ञ माझ्याच वयाची होती. तिने बाबांना विचारलं, "काका, आज काही खाल्लंय?"

"काल संध्याकाळपासून पाण्याशिवाय काय न्हाय," बाबा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. प्रसादाला खाणं म्हणतच नाहीत, तर ते त्यांना आठवणार कसं? मी शेजारच्या खुर्चीवर होते आणि मला सगळं आठवत होतं. दहा वाजता तिने बोटाला सुई टोचली. साखर दोनशे चौतीस. "दोनशेच्या आत यायला हवी. थांबू थोडं, पाणी प्या, फिरू नका," ती म्हणाली आणि आत गेली. ती दाराशी पोचेपर्यंत मला सांगायला वेळ होता.

आत शिशाच्या जाड डब्यात बाबांच्या नावाची सुई तयार होती. त्या औषधाबद्दल बाहेर बसलेल्या सगळ्यांत मला जास्त माहीत होतं. साखरेच्या रेणूला फ्लोरिनचा एक अस्थिर अणू जोडतात. गाठ भुकेली असते, ती साखर ओढून घेते. मग त्या अणूच्या केंद्रात एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. म्हणजे एक अप क्वार्क बदलून डाउन होतो. एवढाच फरक, तिनातला एक. त्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळचा इलेक्ट्रॉन त्याला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि दोन किरण विरुद्ध दिशांना निघून जातात. यंत्र ते किरण पकडतं. दोन वर्षं मी जे फळ्यावर लिहीत होते ते आता बाबांच्या मानेत घडणार होतं, आणि त्यावर ऑपरेशन होणार की नाही ते ठरणार होतं.

पण ते औषध वाट बघत नाही. दोन तासांच्या आत ते निम्मं होतं. कुणी सुई टोचो न टोचो, डब्यात अप क्वार्कचे डाउन होतच राहतात. आणि रक्तात शिऱ्याची साखर भरलेली असेल, तर गाठीच्या दारात खऱ्या साखरेची गर्दी होते, औषधाच्या साखरेला शिरायला जागा राहत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. बाबांच्या रक्तात साखर उतरत होती आणि डब्यात औषध उतरत होतं. औषध जास्त भरभर उतरत होतं.

"त्या डब्यात काय हाय?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही मला विचारलं होतं ना, मी काय बघते. तेच."

"क्वार्क?" त्यांना शब्द लक्षात होता. "मग बरा हाय. आपल्या घरचाच माणूस म्हणायचा."

मी हसले नाही. सव्वाअकराला साखर दोनशे एकवीस. बाराला दोनशे बारा. तंत्रज्ञ बाबांसमोर वाकली. "काका, खरं सांगा. चहा? बिस्कीट? गोळी-चॉकलेट?"

बाबांचा चेहरा पडला. "पोरी, मी तुझ्या बापाच्या वयाचा. खोटं बोलन व्हय?"

तेव्हा मी बोलले. इंग्रजीत बोलले. त्यांनी सकाळी साडेसहाला गोड शिरा खाल्ला आहे, पूजेचा होता, त्यांना ते खाणं वाटत नाही. माझं इंग्रजी चांगलं आहे. एकही शब्द अडला नाही. तंत्रज्ञ माझ्याकडे वळली. तिनेही इंग्रजीतच उत्तर दिलं, हळू आवाजात. दहा वाजता सांगितलं असतं तर तुमच्या वडिलांचा डोस आम्ही दुसऱ्या पेशंटला दिला असता आणि त्यांना दुपारच्या डोसवर घेतलं असतं. आता दुपारचे सगळे डोस वाटून झालेत. हा वाया गेला. पुढची तारीख आठ दिवसांनी.

दहा वाजता मी तिथेच होते. ती दाराकडे चालत गेली होती आणि मी तिच्या पाठीकडे बघत बसले होते.

"काय सांगितलंस तिला?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांनी बोटावरच्या कापसाकडे पाहिलं. "शिरा," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मग बोटाचा कापूस काढून खिशात ठेवला.

परतताना वडखळ आलं. मग खिडकीतून बाहेर बघत बाबा म्हणाले, "त्या डब्यातलं आता टाकून देणार?"

"टाकावं लागत नाही. उद्यापर्यंत आपोआप संपतं."

"माझ्यासाठी आणलेलं, मला न लागताच."

"हो."

आई दारातच उभी होती. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मशीन बंद पडलं व्हतं. पुढच्या आठवड्यात बोलावलंय." आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. काका संध्याकाळी विचारायला आले तेव्हाही मशीनच बंद होतं. आजतागायत त्या दोघांना दुसरं काही माहीत नाही.

ते आठ दिवस मी कसे काढले ते मला नीट लिहिता येणार नाही. बाबांचा आवाज बसत चालला होता. भात गिळेना, मग पेज सुरू झाली. ते पेज पीत असताना मी त्यांच्या मानेकडे बघायची आणि कालच्यापेक्षा मोठी आहे का ते ठरवायचा प्रयत्न करायची. आठ दिवसांत गाठ पसरते का, हे मी फोनवर जितक्या तऱ्हांनी विचारता येईल तितक्या तऱ्हांनी विचारलं. प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं असायचं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आठ दिवसांनी एवढा फरक पडत नाही. एवढा म्हणजे केवढा, हे विचारायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मी विचारलं नाही.

आम्हाला शिकवलं होतं की एखादा अस्थिर अणू नेमका कधी फुटेल ते कुणालाच सांगता येत नाही. हजारातले निम्मे कधीपर्यंत जातील ते सांगता येतं. हाच का, आत्ताच का, याला कारण नसतं. परीक्षेत हे वाक्य लिहून मी पूर्ण मार्क मिळवले आहेत. त्या आठ दिवसांत मी ते स्वतःला पुष्कळदा म्हणून पाहिलं. पण शिऱ्याला कारण होतं. दहा वाजता गप्प बसण्यालाही होतं.

दुसऱ्या वेळी आईने आदल्या रात्रीच मागचं-पुढचं दार आतून लावून घेतलं. मशीनला काही झालं असं तिने मानलं होतं, पण कुठेतरी तिलाही कळलं असावं. साखर एकशे सत्तर आली. सुई दिली. बाबा तासभर एकट्या खोलीत पडून राहिले, मग यंत्रात गेले. बाहेर काचेपाशी उभी राहून मी मनात म्हणत होते, अप, डाउन, अप, डाउन, जशी काही ती प्रार्थना होती. तंत्रज्ञ तीच होती. तिने सांगितलं, आज दिवसभर लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहा. काकांची सून गरोदर आहे आणि दिवसभर आमच्याकडे ये-जा करते. घरी आल्यावर बाबा आत आलेच नाहीत. वाळूवर ओढून ठेवलेल्या आपल्या होडीत जाऊन बसले. मी जेवण घेऊन गेले तर लांबूनच हात केला. "तिथंच ठेव. तुझं क्वार्क अजून हायत माझ्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट फोनवर आला. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. आई मासळी सुकवायला ओट्यावर गेली होती. मी रिपोर्ट तिथेच उभ्याने वाचला, मग बसून वाचला. मान. त्याखाली उजवं फुप्फुस. त्याखाली यकृत, दोन जागी. प्रत्येकाचा आकार मिलिमीटरमध्ये लिहिला होता.

बाबा होडीतच होते. बंदी संपली होती, तरी सकाळी पुन्हा तिथे जाऊन बसले होते, मांडीवर जाळं. घरापासून होडीपर्यंत वाळू तापलेली असते, एरवी मी ती धावत ओलांडते. त्या दिवशी मला पाय भाजल्याचं कळलंही नाही. वाटेत मी मराठी शब्द शोधत होते. इंग्रजीत ते सगळे माझ्याजवळ तयार होते, आणि इंग्रजीत सांगितलं असतं तर आवाजही हलला नसता.

होडीच्या काठाला हात लावून मी उभी राहिले.

"बाबा," मी म्हणाले, "पसरलंय."

त्यांनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"तरी म्हटलं," ते म्हणाले, "आज एवढी हळू का चालत येतेस."

मग सरकून त्यांनी फळीवर माझ्यासाठी जागा केली.