मामाजींची ऑस्ट्रेलियन पलटण

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उतरलेली ऑस्ट्रेलियाची पोरं का हरली, याचं खरं कारण साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे माझे सासरे. कोणी सेनापतींना दोष देतं, कोणी समोरच्या डोंगराला. आमच्या मामाजींचं (आमच्या नागपुराकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात) मत असं होतं, की त्या पलटणीतल्या निम्म्या पोरांच्या बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या नव्हत्या. "नाडी लोंबून राहिली अन् हे चालले पहाड चढाले," ते म्हणायचे, "मंग पडन नाही तं काय होईन?" हे ज्ञान त्यांना कुठल्या ग्रंथातून नाही, टीव्हीवरच्या एका मालिकेतून मिळालं होतं. मालिका मीच लावून दिली होती, त्यामुळे त्यांच्या युद्धशास्त्राचं थोडं पाप माझ्याही माथी आहे.

मामाजी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. चहा हवा असला की एक छोटी शिट्टी, जेवण झालं की एक लांब. सासूबाईंचा कुकरही त्यांना उत्तर दिल्यासारखा वाजायचा, आणि कोणती शिट्टी कोणाची हे फक्त सासूबाईंनाच कळायचं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला शिक्षण विचारलं नाही, हिंगण्याच्या कंपनीत मी नेमकं काय करतो तेही विचारलं नाही. दारात काढलेले माझे बूट उचलले, उलटे केले, टाचा पाहिल्या आणि आत जाहीर केलं, "दोन्ही टाचा सारख्या झिजल्या आहेत. पोट्टा सरळ चालते." लग्न ठरलं. वरातीच्या दिवशी त्यांनी शिट्टी मारून माझ्याकडच्या सगळ्या मंडळींना उंचीप्रमाणे उभं केलं. माझे थोरले काका उंचीने बेताचे, ते सर्वांत पुढे आले, आणि बँडवाल्यांच्या पाठीला नाक लावून चालावं लागल्याचा राग त्यांनी आजतागायत सोडलेला नाही. बायको म्हणते, बाबांनी निदान घोडीला तरी 'सावधान' म्हटलं नाही, एवढ्यावर समाधान माना.

पण त्यांची खरी मिजास होती ती हजेरीपटावर. निवृत्तीच्या समारंभात शाळेने शाल-नारळ दिला, तेव्हा त्यांनी हेडमास्तरांकडून एक कोरा हजेरीपट मागून घेतला होता. इतकी वर्षं हजेरी घेतली, पण कोणत्याही मुलापुढे त्यांनी कधी 'गैरहजर' लिहिलं नाही. जो आला नसेल त्याच्यापुढे लिहायचे 'रजेवर'. हेडमास्तरांनी यावरून दोनदा खरडपट्टी काढली, मामाजी ढिम्म. "गैरहजर लिहिलं का पोट्टा पक्का गैरहजर होते," ते मला सांगत. "रजेवर म्हटलं का त्याची जागा राह्यते. कधी ना कधी येते तो." एक मुलगा शाळा सोडून कन्हानला मामाच्या दुकानात बसायला लागला होता. मामाजींनी त्याला दोन वर्षं रजेवर ठेवलं. तिसऱ्या वर्षी एका सकाळी तो गुपचूप येऊन रांगेत आपल्या जागी उभा राहिला, मामाजींनी नाव पुकारलं, त्याने 'हजर' म्हटलं आणि कवायत सुरू झाली. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकली असेल, आणि शंभराव्यांदाही 'हजर'पाशी आले की त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

असा हा माणूस स्वतःच्या मुलाशी मात्र दोन वर्षं बोलत नव्हता. माझा मेहुणा प्रफुल्ल इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी मेलबर्नला गेला, आणि अर्ध्यात ते सोडून नाटकात काम करायला लागला. दिवसा कुठल्याशा हॉटेलात भांडी घासायची, संध्याकाळी तालीम. मामाजी फोनवर म्हणाले, "मंग आता मले फोन करू नको." त्याने ऐकलं. बापाचाच मुलगा तो. मग तो आईला फोन करायचा, सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन बोलायच्या, आणि मामाजी बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या कॅलेंडराला उद्देशून मोठ्याने म्हणायचे, "तिकडे आता थंडी असन!" सासूबाई फोनमध्ये विचारायच्या, "स्वेटर घालतं ना रे?" उत्तर आलं की तेही मोठ्याने, "हाव, घालते म्हणते!" कॅलेंडराचं समाधान व्हायचं.

एके दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातून धावतच बाहेर आल्या. प्रफुल्लला टीव्हीत काम मिळालं होतं! ऑस्ट्रेलियातून लढाईला गेलेल्या तरुण पोरांची मालिका. त्या किनाऱ्यावर तेव्हा हिंदुस्थानातले लोकही होते, खेचरांवरून त्या पोरांना पाणी आणि दाणागोटा पोचवणारे. प्रफुल्ल त्यातला एक खेचरवाला. त्याला एक वाक्यही होतं.

"खेचर!" मामाजी उसळले. "इंजिनिअर कराले धाडला, अन् खेचरं हाकून राहिला!" मग कॅलेंडराकडे वळले. "कोनत्या भागात हाय म्हणते?"

"ते त्यालेच माहीत नाही जी. आठ भाग हायेत."

"मंग आठही पाहा लागन," मामाजी म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला आमंत्रण पोचलं.

मालिका आली, आणि दर रविवारी सकाळी नऊला एक भाग असं ठरलं. लोक साडेआठपासून जमायचे, कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून तर्री-पोहे यायचे आणि नवाच्या ठोक्याला शिट्टी वाजायची. मालिका इंग्रजीत. मामाजींचं इंग्रजी 'अटेन्शन'पासून सुरू होऊन 'डिसमिस'ला संपणारं, म्हणून मी दुभाषी. शिट्टी वाजली की मी चित्र थांबवायचं, मामाजी उठून पडद्याजवळ जायचे आणि छडीने दाखवायचे. "हे काय लाइन हाय? राशनच्या दुकानासमोर याच्यापेक्षा सरळ राह्यते!" चाळीस मिनिटांचा भाग बघायला आम्हाला दोन तास लागत. त्या पलटणीतली सहा पोरं त्यांनी हजेरीपटावर घेतली होती. परकी नावं जिभेवर बसेनात, म्हणून लाल्या, चष्मेवाला, लंबू, हसऱ्या, चिठ्ठीवाला (हा सारखा आईला पत्रं लिहायचा) आणि बारक्या. बारक्याला पाहताच पहिल्याच भागात शिट्टी वाजली. "हा पोट्टा अठराचा नाही. वय खोटं सांगून आला हाय. त्याचा पट्टा पाहा, वरून एक भोक पाडलं हाय." आम्ही हसलो. तिसऱ्या भागात तो खरोखरच सोळाचा निघाला, तेव्हा मामाजींनी मागे वळून एकेकाचं तोंड पाहिलं. बत्तीस वर्षं पोरांचे पट्टे तपासलेला माणूस होता तो, हे आम्ही विसरलो होतो.

सहा नावांच्या खाली सातवं नाव होतं. प्रफुल्ल. ते त्यांनी पहिल्याच रविवारी लिहिलं होतं, कोणाला न दाखवता. मला दिसलं ते मी शेजारी बसायचो म्हणून.

चौथ्या भागात हसऱ्या मेला. शिट्टी वाजली, पण मामाजी उठले नाहीत. खोलीत पोह्याचा घास हातात घेऊन पंधरा माणसं बसली होती. मामाजींनी चष्मा लावला, पट उघडला आणि हसऱ्यापुढे लिहिलं, 'रजेवर'.

शेजारचे टेलर, एरवी भला माणूस, त्यांच्या खांद्यावरून डोकावत म्हणाले, "मास्तर, तो मेला ना गा. रजेवर काहून लिहून राहिले?"

"टेलर, तुम्ही मशीन चालवा," मामाजी म्हणाले. "पट माझा हाय."

त्यानंतर लाल्या गेला, चष्मेवाला गेला. पट 'रजेवर'ने भरत चालला आणि खेचरवाला काही येईना. सहाव्या भागात खेचरं आली तेव्हा सगळी गल्ली उभी राहिली, मी चित्र थांबवलं, मामाजींनी पडद्याला नाक लावून एकेक चेहरा पाहिला. दुसरेच कोणी होते. त्या रविवारी भाग संपल्यावर ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. हे कधी घडत नसे. म्हणाले, "जवाईबापू, तुमाले म्हणून सांगतो. तो दिसला का मी सोताहून फोन करीन. आधी दिसू द्या." मी म्हटलं, "मामाजी, आजच करा ना." ते म्हणाले, "असं कसं? दोन वर्षं नाही केला. फोन कराले काही कारन तं लागते." हा माणूस एका खेचराची वाट बघत होता, तेवढ्यावरून मुलापर्यंत पोचायला. मला हसूही आलं आणि घरी जाताना महालच्या गर्दीत गाडी चालवताना डोळे पुसावेही लागले.

आठव्या रविवारी त्यांनी दाढी केली, जुना पांढरा पीटीचा ड्रेस घातला, कॅनव्हासच्या बुटांना खडू फासला. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या होत्या. भाग सुरू झाला. त्या दिवशी एकही शिट्टी वाजली नाही. रांगा वाकड्या होत्या, नाड्या लोंबत होत्या, छडी कोपऱ्यातच राहिली. पोरं किनारा सोडून परत निघाली. बारक्या वाचला, लंबू वाचला, चिठ्ठीवाला वाचला. होड्या दूर गेल्या, नावांच्या पाट्या वर सरकायला लागल्या, त्या संपल्या आणि पडदा काळा झाला. खेचरवाला आलाच नाही.

"मास्तर," टेलर हळूच म्हणाले, "पोट्टा तं दिसलाच नाही तुमचा."

मामाजी उभे राहिले. लांब शिट्टी मारली आणि म्हणाले, "विसर्जन!" लोक मुकाट्याने उठले. टेलर सर्वांत शेवटी, आपल्यासोबत चार खुर्च्या उचलून घेऊन गेले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मामाजींनी पट उघडला. प्रफुल्लपुढचे सात रकाने 'रजेवर' होते. आठव्यावर त्यांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. पेनाचा ठिपका कागदावर मोठा होत गेला.

"फोन लावा, जवाईबापू."

मी लावला. प्रफुल्लला वाटलं मीच आहे. तो घाईघाईने बोलायला लागला, "जिजाजी, बाबांना सांगू नका ना, माझा सीन कापला त्यांनी, मला कालच कळलं, कसं सांगू समजत नव्हतं..." मी काही न बोलता फोन मामाजींच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावलाच नाही. पट धरतात तसा समोर धरला, पाठ ताठ केली आणि शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा त्या आवाजात पुकारा केला,

"प्रफुल्ल!"

फोन कटला असं मला वाटलं. मग, इतक्या लांबून, बापाच्याच शाळेत दहा वर्षं शिकलेल्या मुलाचा आवाज आला.

"हजर, सर."

मामाजींनी आठव्या रकान्यात लिहिलं. पूर्ण लिहिलं, वेलांटी-काना असल्यासारखं सावकाश, 'हजर'. मग खाली बसले.

"बाबा, माझा सीन..."

"मले माहीत हाय. मी पाहिले ना आठही भाग." पट मांडीवर ठेवला. "वाक्य कोनतं होतं तुयं?"

"'पाणी आणलंय, जपून प्या.' एवढंच होतं."

"चांगलं होतं की बे. काहून कापलं?" मग अर्धा तास दोघं खेचरांविषयी बोलले. खेचराच्या मागून जायचं नाही, ते लाथ मारतं, अशी माहिती मामाजींनी मेलबर्नला पुरवली. आयुष्यात त्यांचा खेचराशी संबंध आला नव्हता. शेवटी त्यांनी स्वेटरचं विचारलं, या वेळी कॅलेंडराला न सांगता.

मामाजींना जाऊन आता दीड वर्ष झालं. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः बूट घालताना. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या, कार्यक्रमाला गल्ली लोटली होती, टेलरांनी न सांगता सगळ्यांना ओळीत बसवलं. प्रफुल्ल आला होता. नंतरच्या रविवारी सकाळी त्याने कपाटातून पट काढला आणि पेन घेऊन पहिल्या पानापासून नाव शोधायला लागला. सगळी पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"जिजाजी, बाबांचं नाव कुठंच नाही गा. मले त्यांच्यापुढे रजेवर लिहायचं होतं."

"कसं राहील?" मी म्हटलं. "हजेरी तर तेच घेत होते."

त्याने पेनाला टोपण लावलं, पट मिटला आणि वर शिट्टी ठेवली. नऊ वाजत आले होते. आम्ही दोघं बंद टीव्हीसमोर बसलो होतो, आणि उशिराने माझ्या लक्षात आलं की दोघांच्याही पाठी ताठ होत्या आणि कोणीतरी नाव पुकारायची आम्ही वाट बघत होतो.