नको म्हणणारी पोरगी

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या घरी आयर्लंडची एक मुलगी राहायला होती. आयर्लंड कुठे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नकाशात बोट ठेवता येणार नाही. पण तिच्या फोनमधले फोटो मी पाहिले आहेत. हिरवा उतार, दगडांचे बांध, आत गाई आणि थोड्या मेंढ्या. घराच्या दारात चिखलाने भरलेले बूट ओळीने ठेवलेले. म्हणजे शेतकऱ्याचंच घर. ते बूट पाहून मला जरा धीर आला होता.

आमच्या गावच्या तलावात बेशरमाची झाडं फार माजली होती. मासोळी कमी झाली होती. एका संस्थेच्या ताई आमच्या बचत गटाकडून तलाव साफ करून घेत होत्या. बेशरम उपटायचं, गाळ मोकळा करायचा आणि पाणी आलं की मासोळीला लागणाऱ्या जुन्या वनस्पती परत लावायच्या, असं ते काम होतं. ही मुलगी तिकडे तळ्यांबद्दलच काही शिकली होती. तिला पाऊस लागेपर्यंत गावात, कोणाच्या तरी घरात राहून आमच्यासोबत काम करायचं होतं. ताईंनी मीटिंगमध्ये विचारलं, कोणाकडे रिकामी खोली आहे? माझी मुलगी लग्न होऊन तुमसरला गेली होती, तिची खोली रिकामी होती. सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. मी चौथी शिकले, लिहिता वाचता येतं, पण चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. ताईंनी माझंच घर ठरवून टाकलं.

मग त्यांनी सगळ्यांना एक गोष्ट बजावली. "हे पाहा, तिला जेवायचा आग्रह करायचा नाही. त्यांच्याकडे नको म्हणजे नको. आपण ताटात जबरदस्तीनं वाढतो ते त्या लोकांना आवडत नाही. आणि पोट बिघडलं तर परक्या मुलुखात ती काय करील?"

मी ते पक्कं ध्यानात ठेवलं. घरी येऊन मालकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगतलं. नाहीतर मी म्हणणारच होतो, अजून घे म्हणून."

ती आली त्या दिवशी मी भात, वरण, वांगी आणि झिंग्यांची भाजी केली होती. झिंगे म्हणजे तलावातली वाळवलेली बारीक कोळंबी. तिला चालतील की नाही म्हणून बटाटाही केला. ती लांबलचक पाय दुमडून पाटावर बसली. मराठी थोडी शिकून आली होती. मला काकू म्हणायची, मालकांना काका. पहिला भात संपला तेव्हा मी पळी पुढे केली. तिने ताटावर हात धरला, हसली आणि म्हणाली, "नको, नको."

मी पळी परत भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यात ठेवली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आमच्या घरी मीटर पाहायला आलेला माणूसही एका वाढीत उठत नाही. नको म्हटलं की वाढणाऱ्याचा हात तिथून चालू होतो. हात मागे घेताना मला माझाच हात परका वाटला. पण ताईंनी सांगितलं होतं.

तिचं काम मात्र पाहण्यासारखं होतं. सकाळी आमच्यासोबत तलावाच्या पाळीवर यायची, कमरेइतक्या गाळात उतरायची आणि बेशरमाची मुळं दोन्ही हातांनी ओढायची. तळहाताला फोड आले तर थुंकी लावून परत धरायची. बाया तिला पाहून हसायच्या आणि तीही हसायची. आंब्याखाली चहा यायचा. कोणी विचारायचं, "चहा घेतं का?" ती म्हणायची, "नको." बाया केटली पुढच्या बाईकडे सरकवायच्या. सगळ्यांनीच ताईंचं ऐकलं होतं.

दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसायची. मी सूप घेऊन तांदूळ निवडायची, ती खडे वेचायची. बोलणं फार नव्हतं. मला बोलता येत नाही म्हणून बायांमध्ये मी नेहमी ओशाळलेली असते, पण हिच्याजवळ बसताना तसं वाटत नव्हतं. तिला मराठी कमी आणि मला बोलणं कमी, हिशोब सारखाच होता. मुलगी सासरी गेल्यापासून ओसरीत माझ्याजवळ असं कोणी बसलं नव्हतं.

चैत्र संपता संपता ती वाळू लागली. कुर्ता खांद्यावरून घसरायचा. गालाची हाडं वर आली. सगळे म्हणायचे, ऊन मानवत नाही, थंड मुलुखातली पोरगी. मी पन्हं करून द्यायची, खिशात कांदा ठेवायला लावायची, खोलीच्या दाराला ओलं पोतं टांगायची. जेवताना ती ताट इतकं पुसून खायची की मला वाटायचं, यांच्यात उष्टं न टाकण्याची रीत असेल. भाताचं गंज मी झाकायची तेव्हा तिचे डोळे झाकणासोबत जायचे. तेही मला दिसत होतं, पण काय दिसतंय ते कळत नव्हतं.

एकदा तिने मला विचारलं, "काकू, माझा त्रास होतो?"

मी म्हटलं, "नाही." एवढंच. आणखी काय म्हणायचं असतं ते मला त्या वेळी सुचलं नाही.

ताई आल्या आणि तिला पाहून घाबरल्याच. "अगं, काय ही तुझी हालत!" त्यांनी लगेच ठरवलं की तिला भंडाऱ्याला न्यायचं. तिथे कूलरची खोली होती, दवाखाना जवळ होता. सोमवारी गाडी घेऊन येते म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "ठीक आहे." मी आत चुलीजवळ कणीक मळत होते. माझा हात परातीतच राहिला. ती गेली तर तलावाचं काम बाकीच्या बाया करतील, ते काही अडणार नव्हतं. गाव म्हणेल की हिच्या घरी पोरगी टिकली नाही, तेही मी ऐकून घेतलं असतं. पण दुपारी सूप घेऊन मी एकटी बसेन, हे मनात आलं आणि मला कणकेत पाणी किती घातलं ते कळेना.

ताई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या जाऊबाई पवनीहून परत आल्या. त्या शेजारच्याच घरात राहतात. त्यांच्या आईला बरं नव्हतं म्हणून त्या बरेच दिवस माहेरी होत्या, त्यामुळे ताईंची मीटिंग, ती सूचना, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी बोअरवेलवरून पाणी घेऊन आले तर ओसरीत त्यांचा आवाज. त्यांनी आमच्याच गंजातला भात आणि घरून आणलेलं मासोळीचं सार घेऊन पोरीसमोर ठाण मांडलं होतं.

"घे."

"नको, नको. पुरे."

"काय पुरे? हाडं मोजून घ्यावी अशी झाली तू." त्यांनी भात टाकला.

"नको, मावशी..."

"नको काय, नको काय! कायले लाजतं वो? तुह्या मायनं पाहलं तर मले शिव्या देईन." वरून सार ओतलं.

पोरगी खाली मान घालून खायला लागली. मी दारात पाण्याची गुंडी कमरेवर घेऊन उभी. एक वाढ झाली. ती नको म्हणाली, जाऊबाईंनी वाढलं, तिने खाल्लं. दुसरी झाली. काटे बाजूला काढून ती बोटं चाटत होती, कपाळावर घाम, आणि चेहरा आमची गाय पेंड पाहून करते तसा. तिसऱ्या वाढीला तर ती नकोसुद्धा हळू आवाजातच म्हणाली, नुसतं म्हणायचं म्हणून.

जाऊबाईंनी मला पाहिलं. "काहून वो! विदेशी पोरगी घरात आणून उपाशी मारून राहिली का?"

"ताईंनी सांगतलं... आग्रह नाई करायचा म्हणून," मी म्हटलं.

"ताईच्या घरी नोको करू. आपल्या घरी तं कर!"

पोरगी आमच्या दोघींकडे पाहत होती. तिला बोलणं पुरतं कळलं नव्हतं, पण विषय तिचाच आहे हे कळलं होतं. मी गुंडी खाली ठेवली आणि तिच्यासमोर बसले. विचारलं, "तुला भूक होती?"

ती लाल झाली. मग तुटक तुटक मराठीत, हातांनी दाखवत तिने सांगितलं. त्यांच्या गावात कोणाच्या घरी गेलं आणि चहा विचारला तर पहिल्याच वेळी हो म्हणत नाहीत. आई रागावते, हावरट दिसतं. नको म्हणायचं. घरची बाई परत विचारते. परत नको म्हणायचं. तिसऱ्या वेळी घ्यायचं. "इथे," ती म्हणाली, "तुम्ही एकदा विचारता. मग झाकण ठेवता." तिला वाटलं होतं, भात कमी असेल. किंवा आम्हाला ती नकोशी असेल.

"अवं माय!" जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "मंग हे तं आपल्यातलीच निघाली!"

त्या हसत सुटल्या. पोरगी पण हसायला लागली. मला हसू येत होतं आणि डोळ्यांना पदरही लावावा लागत होता. संध्याकाळी तिने हे सगळं फोनवर आईला सांगितलं. फोनमधली बाई इतकी हसली की खुर्चीत बसली. मग पोरीला बाजूला करून माझ्याकडे पाहून काहीतरी बोलली. पोरीने सांगितलं, "आई म्हणते, मला चमच्यानं मारा आणि वाढा."

त्या दिवसापासून मी वाढू लागले. गटातल्या बायांनाही जाऊबाईंनी घरोघरी जाऊन सांगितलं. आंब्याखाली चहाच्या वेळी सगळ्या मिळून तिला ओरडायच्या, "घे वो, घे वो!" आणि ती दोनदा नको म्हणून दोन कप प्यायची.

पण सोमवारचं ठरलं होतं ते ठरलंच होतं. ती बॅग भरत होती. मला वाटायचं, आता पोट भरतंय तर ती स्वतःच म्हणेल की राहते. तिच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. इतके दिवस मी तिला एकदाच सांगितलं होतं की त्रास होत नाही. तिच्या गावच्या रीतीने ते एकदा म्हटलेलं नाही म्हणजे नुसता शिष्टाचार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते ध्यानात आलं सोमवारी सकाळी, दाराशी जीप उभी राहिली तेव्हा.

ताई चांगल्या बाई आहेत. त्यांनी आधी तिलाच विचारलं. "तब्येत बरी दिसते आता. मग, चलायचं ना? की राहायचं आहे इथे?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी चौकटीला धरून उभी होते. ती ताईंना म्हणाली, "जाते. काकूंना कशाला त्रास."

ताईंनी बॅग उचलली. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं. मालक गोठ्याजवळ पायात चप्पल घालत होते, पोचवायला जावं म्हणून. जाऊबाईंनी मला कोपर मारलं. "बोल ना वो."

"राहा," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की ड्रायव्हरला तर ऐकूच गेला नसेल. तिला गेला. ती हसली.

"नको, काकू."

माझे कान तापले. एरवी मी आत निघून गेले असते. दुसऱ्यांदा म्हटलं, "इथंच राहा. कूलर आम्ही आणतो. पाऊस येईपर्यंत राहा."

"नको, नको," ती म्हणाली. पण जीपकडे पाऊल टाकलं नाही. ओसरीतच उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

ताई म्हणाल्या, "अहो, ती नको म्हणते ना. कशाला भरीस पाडता?"

मी चौकट सोडली. अंगणात आले, ड्रायव्हर, ताई, रस्त्यावर थांबलेल्या दोन बाया, सगळ्यांच्या देखत. ताईंच्या हातातल्या बॅगेचा पट्टा धरला. "नाई ताई. हे पोरगी राहीन. तुमी घेऊन जाल तं मले करमणार नाई. मले पायजे हे घरात."

इतकं बोलणं माझ्या तोंडून गावासमोर कधी निघालं नव्हतं. मालक चप्पल घालता घालता तसेच थांबले. ताई कधी माझ्याकडे, कधी पोरीकडे पाहत होत्या.

पोरीने तोंडावर हात ठेवला. मग ओसरीच्या कडेला खाली बसली आणि म्हणाली, "बरं."

"बरं म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"राहते."

ताईंनी बॅग सोडली. "मग आधी बोलायचं ना ग," असं म्हणून त्या हसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, गाडी सावलीत लाव. मालकांनी चप्पल काढली आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. जाऊबाई चहा ठेवायला आत वळल्या, तेवढ्यात त्यांनी मागे वळून पाहिलं. मी अजून अंगणाच्या मधोमध तशीच उभी होते.

"सोड वो आता तो पट्टा," त्या म्हणाल्या. "नाई जात ते कुठं."