पायाचं आतलं माप

सकाळपासून बोचरा वारा सुटला होता. टपाल कचेरीत टपालवाली पत्रं गल्लीवार लावत होती आणि एकेक पत्र असं आपटत होती, की शेजारच्या शिक्केवाल्याला वाटावं, शिक्के आपण मारतोय की ही.

कचेरीत तिला शिडी म्हणत. सहा फूट एक इंच. तळपायाची आग मस्तकात जायला हिला जरा वेळ लागतो, असा तिथला जुना विनोद. आज आग पोचली होती.

बारा वर्षं तिने टेकडीकडची फेरी केली. कचेरीची सायकल वीस इंची फ्रेमची. सीट निघून हातात येईल इतकी वर ओढली, तरी हँडलवर ओणवं व्हावं लागे. पाठ कामातून गेली, तेव्हा तिने अर्ज केला. आठ महिन्यांनी चोवीस इंची आली. त्या सायकलवरून काल उतारावर कुत्रं आडवं आल्यावर पाय टेकायला गेली, तर पाय पुरलेच नाहीत. पत्रं गटारात, विजार गुडघ्यावर फाटलेली. पोस्टमास्तरांनी सुनावलं होतं, "उद्या सही करून हीच सायकल ताब्यात घ्या, नाहीतर फेरी दुसऱ्याला. तुम्ही आत बसून पत्रं निवडा."

आत बसून. म्हणजे दावणीलाच की.

पत्रं लावून ती कोठाराच्या दारात गेली. "मी सही करणार नाही. दुसरी द्या."

कोठारवाला म्हणाला, "लहान दिली तर पाठ दुखते, मोठी दिली तर पाय पुरत नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं."

"उंटावरून शेळ्या हाकू नका. स्वतः बसून बघा एकदा."

"उंट तर तुम्ही, बाई."

मागे दोघं-तिघं हसले. कोठारवाल्याने कागद काढून तिच्यापुढे धरला. "हे अक्षर कुणाचं? 'सर्वांत मोठी फ्रेम मिळावी.'"

अक्षर तिचंच होतं. आता राग धरायचा तो कुणाचा? ती आणखीच भडकली.

एवढ्यात सासूबाई आल्या. शिवणकाम करणाऱ्या, गळ्यात टेप, काखेत काल फाटलेली विजार, ठिगळ लावून. सुनेच्या कोपराएवढी बाई. पण आवाज दोघींना पुरेल एवढा.

"उंच माणसाला उंच सायकल? एवढं सोपं असतं तर मी कपडे मापाशिवाय शिवले असते," त्या कोठारवाल्याला म्हणाल्या. "हिची उंची कमरेच्या वर आहे. माझा मुलगा हिच्या कानाला लागतो, पण विजार दोघांची एकाच मापाची. सदरा शिवायला घेतला की मात्र कापड संपतं."

"आई, पुरे."

"गप. चपला काढ."

सगळ्यांसमोर त्यांनी तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, मांड्यांमध्ये जाड नोंदवही वरपर्यंत दाबून धरायला लावली आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप सोडली. बत्तीस. मग सायकलच्या दांडीला. चौतीस.

"दोन इंच हवेत. इथे उभं राहायचं म्हणजे फाशीच की."

तिचे कान तापले होते. बारा वर्षांत कचेरीने तिचं डोकं मोजलं, पाय कुणी मोजला नव्हता. तिनेही नाही.

पोस्टमास्तर दारात येऊन बघत होते. कोठारवाला नरमला. "मग बावीसची घ्या. दांडी एकतीसला आहे. हँडल लांब मानेचं लावतो, म्हणजे वरचं अंग मावेल. पण हे आधीच सांगायचं ना."

"विचारलंत?"

पाऊण तासाने ती बावीसच्या सायकलवर बसली. थांबून पाय टेकून पाहिला, टेकला. हात सरळ, पाठ सरळ. पोस्टमास्तरांनी वही पुढे केली. "फेरी तुमचीच."

"माझीच होती," ती म्हणाली आणि कागद फाटेल अशी सही केली.

"आता तरी हस," सासूबाई म्हणाल्या.

"चारचौघांत माझे पाय आखूड म्हणून सांगितलंत. घरी आल्यावर बोलते."

"घरी ये तर आधी. विजार बदल."

तिने विजार बदलली, पुढचं चाक दाबून पाहिलं, पंप जोडला आणि हवा भरायला लागली.