गोलताई आणि नऊ लिहिणारा शिंपी

तिला सगळे गोलताई म्हणत, आणि त्याचा तिच्या बांध्याशी काडीचा संबंध नव्हता; ती चांगली काटकुळी होती. कुठल्याही खोलीत खुर्च्या ओळीत मांडलेल्या दिसल्या की तिचे हात शिवशिवत, आणि ओळ मोडून गोल केल्याशिवाय तिला बसवत नसे. एकदा दातांच्या दवाखान्यात तिने ताटकळलेल्या सात जणांना असं समोरासमोर बसवलं की डॉक्टर बाहेर येऊन "पुढचं कोण?" म्हणाले तेव्हा कुणालाच उठायची घाई नव्हती. तिचा नवरा बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचा, म्हणजे त्याचा जन्म सरळ रेषांत गेलेला. "लोकांच्या घरी पैशावरून भांडणं होतात," तो म्हणायचा, "आमच्याकडे भूमितीवरून."

माणसांना गोलात बसवून बोलतं करण्याचं हे काम तिने ठरवून धरलं नव्हतं. वाचनालयामागच्या खोलीत ती आधी टायपिंग शिकवायची. हुशार मुली सहा महिन्यांत पास होऊन निघून जात. नापास होणाऱ्या मागे राहत, आणि राहिल्या की बोलत. कुणाचा नवरा परागंदा, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली. पुढे टायपिंगला कुत्रं विचारीनासं झालं, यंत्रं भंगारात गेली, आणि तरी चौघीजणी ठरल्या वेळी येऊन रिकाम्या टेबलांपुढे बसल्या. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं टायपिंग शिकवतच नव्हतो. निकालही तेच सांगत होते. अडतिसाव्या वर्षी तिने निम्म्या वयाच्या मुलांच्या शेजारी बसून समाजकार्याचा रीतसर अभ्यासक्रम पुरा केला. तिथल्या शंभर गोष्टींपैकी एक तिने मनाशी घट्ट धरली: गट चालवणाऱ्याने कमीत कमी बोलावं. पुढे एका समाजसेवी संस्थेने तिला अडलेल्या माणसांचा गट चालवायला दिला, आणि बुधवारचे दोन तास ती हे पथ्य पाळायची. उरलेल्या आठवड्यात त्याची भरपाई नवऱ्याला मिळायची.

संस्थेचे गट बरेच होते. सोमवारी नवरा गेलेल्या बायकांचा, मंगळवारी दारू सोडलेल्यांचा, गुरुवारची खोली मोकळी, शुक्रवारी अपंगांचा. ज्याचं त्याचं दुःख ज्याच्या त्याच्या वारी. जे कुठेच बसत नसत ते बुधवारी गोलताईकडे पाठवले जात. कार्यालयाच्या यादीत तिच्या गटाचं नाव 'इतर' असं होतं, आणि गटातल्या कुणालाही त्याचं वाईट वाटत नव्हतं. इतरांत बसलेल्या माणसाला निदान आपण कोण हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

या इतरांत सहा जण होते. नर्सबाईंनी चाळीस वर्षं दुसऱ्यांना उठवून बसवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर स्वतः मात्र अंथरूण धरलं होतं. कंडक्टरची आठवण उसवायला लागली होती. एखादे दिवशी जावयाचं नाव निसटे, पण आपल्या मार्गाचे सत्तावीस थांबे तो झोपेतही ओळीने सांगे. रंगारी परांचीवरून पडून एका पायाने अधू झाला होता आणि त्याच साली दारूही सोडून बसला होता. त्यामुळे अपंगांनी त्याला दारूवाला म्हणून आणि दारूवाल्यांनी अपंग म्हणून पुढे ढकललं होतं. छापखान्यातल्या आजोबांचे कान यंत्रांनी खाल्ले होते. दूर देशातल्या लढाईतून जीव वाचवून आलेली एक बाई होती, तिला सगळे पाहुणी म्हणत. तिला भाषेतल्या तीनच गोष्टी नीट येत: "बरोबर", "चालेल" आणि "काय सांगता!" एवढ्या भांडवलावर ती कुणाशीही तासभर बोलू शकत असे, आणि तिच्याशी बोललं की मन हलकं होतं असं सगळ्यांचं मत होतं.

सहावा शिंपी. एके दिवशी चौकात रस्ता ओलांडताना त्याची छाती अशी धडधडली की तो मधोमध खाली बसला. डॉक्टर म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे. शिंपी म्हणाला, असेल, पण रस्ता माझ्याच्याने होणार नाही. त्यानंतर चौदा महिने तो घराबाहेर पडला नाही. गिऱ्हाइकाला खिडकीखाली उभं करून वरूनच नजरेने माप घ्यायचा. वरून माणूस आखूड आणि रुंद दिसतो, त्यामुळे त्या काळात अर्ध्या पेठेचे सदरे ढगळ झाले. शेवटी मेहुण्याने त्याला अक्षरशः कोपराला धरून गटात आणून बसवलं, आणि पहिले दोन महिने तो दाराकडे तोंड करून बसला.

आता या सहा जणांवर कार्यालयाचा एक कागद होता. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने लिहून द्यायचं: हल्ली तुम्हाला कसं वाटतं, शून्य ते दहा. आठ किंवा त्याहून वर आकडा गेला की 'लाभ पूर्ण', नाव पटावरून कमी. पटावर सहाहून कमी नावं उरली की गट बंद. म्हणजे गटात कुणी बरं झालं नाही तर गटाचा उपयोग काय, असं कार्यालय विचारणार; आणि कुणी बरं झालं तर गटच उरणार नाही. हे नियम केले त्या माणसाला बहुधा शून्य ते दहा कुणी विचारलंच नव्हतं.

त्या तिमाहीला ताईने सहा कागद गोळा करून पाहिले. पाच कागदांवर पाच. पाचही पाचांचं वळण एकच, ठसठशीत, ताप नोंदवावा तसं. हे नर्सबाईंचं काम होतं. चहाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना समज दिली होती की फार वाईट लिहिलं तर इस्पितळात धाडतील, फार चांगलं लिहिलं तर घरी. तेव्हा मध्ये राहा. सहाव्या कागदावर शिंपीकाकांच्या हातचा नऊ होता.

ताईने कार्यालयात मोठ्या बाईंना फोन केला.

"नऊ म्हणजे नाव कमी," मोठ्या बाई म्हणाल्या. "उरले किती?"

"पाच."

"मग गट बंद. तू इकडे ये, तक्ते भरायला माणूस हवंच आहे."

"बाई, त्या पाचांना कुठे पाठवू? कुठेच बसत नाहीत म्हणून तर माझ्याकडे आलेत."

"नियम मी केले नाहीत, पण पाळते मीच. हा बुधवार सोडून पुढचा बुधवार देते तुला. त्या दिवशी पटावर सहा सह्या दिसल्या तर चालू दे. आणि हो, शिंप्याची धरू नकोस."

ताई घरी येऊन पानावर गप्प बसली. नवरा घाबरला. तिच्या गप्प बसण्याची त्याला सवय नव्हती.

"काय झालं?"

"शिंपीकाका बरे झाले."

"माणूस बरा झाला आणि तू चेहरा असा केलायस की मला वाटलं गेला!"

"कागद हरवला म्हणून सांगू का रे?"

"सांग की. पण उद्या तो तुला रस्त्यात भेटला, रस्ता ओलांडताना, तर त्याच्याकडे बघशील कशी?"

वेळापत्रकवाल्या माणसाकडून इतकं शहाणं वाक्य आल्याने ती आणखी वैतागली, आणि मुदतीच्या आदल्या बुधवारी तिने सगळं गटापुढे मांडलं. गट बंद होणार म्हटल्यावर सगळे शिंप्यावर तुटून पडले.

"पाच सांगितलं होतं ना तुम्हाला?" नर्सबाई कडाडल्या. "एवढं साधं औषध घेता येत नाही?"

"पण मला पाच वाटत नाही," शिंपी म्हणाला. "मी परवा बटणं आणली. एकटा. चौक ओलांडून. दोनदा."

"दोनदा कशाला?" रंगाऱ्याने विचारलं.

"पहिल्या खेपेला रंग चुकला."

"काय सांगता!" पाहुणी म्हणाली, आणि या वेळी तिला ते अगदी मनापासून म्हणायचं होतं.

"अहो पण नऊ?" रंगारी हटेना. "आठाच्या आत आटपायचं होतं. साडेसात लिहा. माझा पाय बघा, मी काय सहा-साडेसहाला मुकलो असतो का? पण गटासाठी पाचावर राहिलो."

"खरं तर दहाच लिहिणार होतो. एक राखून ठेवला. कापडातसुद्धा शिवणीला थोडी माया सोडावी लागते."

"माया सोडा, पण आमची नका सोडू," कंडक्टर म्हणाला. "तुम्ही उतरलात की गाडीच डेपोत जाणार."

शिंपी उभा राहिला. एरवी तो बसूनच बोलायचा. "चौदा महिने मी खिडकीत होतो. तेव्हा लाज वाटायची, समजू शकतो. आता बरं वाटतंय, तर त्याचीही लाज वाटून घेऊ? मग लाज नसलेला दिवस कधी काढायचा मी?"

ताईच्या जिभेवर चांगली दहा वाक्यं आली होती. तिने ती गिळली. शेवटी नर्सबाईंनीच घसा साफ केला. "राहू दे त्यांचा नऊ. रोगी बरा झाला म्हणून वॉर्ड रडत नसतो. सहावा माणूस लागतो ना? शोधू. आपल्यापैकी कुणीतरी एक माणूस आणायचा. एकच. काय?"

"चालेल," पाहुणी म्हणाली. आजोबांना काहीच ऐकू आलं नव्हतं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणून त्यांनीही डोलावली.

"कुणीतरी" या शब्दावर गट चालवणाऱ्याने कधी विसंबू नये, असं ताईला अभ्यासक्रमात शिकवलं होतं. कुणीतरी म्हणजे कुणीच नाही. तिने आठवडाभर फोनकडे पाहिलं. कुणाचाही आला नाही. तिने स्वतः दोन घरी जाऊन पाहिलं. एकाने दार उघडलं नाही, दुसऱ्याने उघडून पुन्हा लावलं. मंगळवारी ती नवऱ्याला म्हणाली, "मला तक्ते भरायला जमेल ना रे?" तो म्हणाला, "तक्त्यात रकाने असतात. तू ते गोल करशील."

बुधवारी ती अर्धा तास आधी पोहोचली. खोलीत खुर्च्या दहा होत्या. तिने सहाच गोलात मांडल्या, मग सहावी रिकामी दिसेल म्हणून पाच केल्या, मग पाच बघवेनात म्हणून पुन्हा सहा.

आधी नर्सबाई आल्या, आणि त्यांच्यामागे काठी टेकत एक उंच म्हाताऱ्या बाई. "या आमच्या मेट्रन," नर्सबाई कुजबुजल्या. "तीन वर्षं झाली, कुणाशी बोलत नाहीत. इथे तपासणीला बोलावलंय म्हणून सांगितलंय, तेव्हा जरा सावरून घ्या." मेट्रनबाईंनी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, धूळ पाहिली आणि पसंतीची खुर्ची निवडली.

बाकीचे चौघे धरून सहा झाले! ताईने सुस्कारा सोडला. तोवर रंगारी आला, त्याच्याबरोबर परांचीवर त्याच्याखाली काम करणारा एक गडी होता. त्याचं सगळं शाबूत होतं, फक्त साहेब पडलेले पाहिल्यापासून त्यालाही वर चढवत नव्हतं. मग पाहुणी एका बाईला हाताला धरून घेऊन आली. दोघींची भाषा एक नव्हती आणि दोघींनाही इथली येत नव्हती. कपडे धुण्याच्या दुकानात ओळख झाली होती म्हणे, आणि गप्पा चांगल्या रंगल्या होत्या. कंडक्टर दोघांना घेऊन आला. बसथांब्यावर कोण रोज बसतो आणि कुठल्याच गाडीत चढत नाही, हे त्याने चार दिवस पाहून ठेवलं होतं. नावं तो विसरला होता, माणसं नाही.

"अहो, एकच आणायचा होता ना?" ताईने न राहवून विचारलं.

सगळे नर्सबाईंकडे पाहू लागले. नर्सबाई रंगाऱ्याकडे. "यांच्याच्याने होईल असं मला वाटलं नव्हतं."

"मला तुमच्याबद्दल तेच वाटलं," रंगारी म्हणाला.

"मला कुणाबद्दलच खात्री नव्हती," कंडक्टर म्हणाला, "म्हणून दोन आणले."

आजोबांनी कुणालाच आणलं नव्हतं, कारण त्यांना ठराव ठाऊकच नव्हता. पण इतकी माणसं पाहून त्यांना वाटलं कुणाचा तरी सत्कार आहे, आणि ते टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात दारात शिंपी उभा. पटावर नाव नव्हतं, तरी तो चालत आला होता, आणि बरोबर होता एक बँकेतला कारकून, अंगात खिडकीतून माप घेतलेला ढगळ सदरा.

"यांना दुसरा शिवून द्यायला गेलो होतो," शिंपी म्हणाला. "म्हणाले, नको, बाहेर जातोच कुठे मी. म्हटलं, चला, दाखवतो कुठे."

दहा खुर्च्या भरल्या. कारकून खिडकीच्या कठड्यावर बसला, ताई उपड्या बादलीवर, आणि शिंपी दाराशीच उभा राहिला. पाच जुने, सहा नवे. पटावर अकरा सह्या झाल्या. मेट्रनबाईंनी सही करताना वेळही घातली.

ताईने कोपऱ्यात जाऊन मोठ्या बाईंना फोन लावला. "बाई, अकरा."

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "दहाच्या वर गेले की दोन गट करायचे असतात," मोठ्या बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "गुरुवारची खोली देते. पण दुसऱ्या गटाला तुझ्या मदतीला एक माणूस लागेल. बरं झालेलं माणूस असेल तर नियमात बसतं."

ताईला आयुष्यात पहिल्यांदा नियम आवडला. ती परत बादलीवर येऊन बसली. "काका, मदतीला याल? दर गुरुवारी?"

अकरा जण शिंप्याकडे पाहू लागले. त्याने खिशातली छोटी वही काढली, पान उलटलं, भुवया उंचावल्या.

"गुरुवारी जमायचं नाही हो ताई," तो म्हणाला. "गुरुवारी मी बाहेर असतो."

मग बादलीवर बसलेल्या गोलताईला इतकं हसू आलं की बादली कलंडली, आणि पहिल्यांदाच ती गोलाच्या बरोबर मधोमध जाऊन बसली.

"शुक्रवार बघू का?" शिंप्याने पान उलटत विचारलं.

"शुक्रवारी खोली भरलेली असते," नर्सबाई म्हणाल्या, "पण विचारून बघायला काय हरकत आहे? मेट्रनबाई, तुम्हीच करा कार्यालयाला फोन. तुम्हाला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही."

मेट्रनबाईंनी तीन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "नंबर द्या," त्या म्हणाल्या.