अकरावी ओळ

मला या जन्मात सर्वात जास्त कोणी दमवलं असेल, तर ते आमच्या साळ्याने. नोकरीने दमवलं नाही, दोन मुलींच्या लग्नांनी दमवलं नाही, गुडघ्याने थोडंफार दमवलं. पण बायकोच्या या धाकट्या भावाने बारा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मला जे पिळून काढलं, त्याला तोड नाही. आणि तो बिचारा वाईट असं काही करत नसे हो. तो फक्त फुटबॉल खेळायचा. कधी खेळायचा, कधी नाही, आणि कोणत्या रविवारी काय होणार हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं, एवढंच.

चेरीताल या आमच्या मोहल्ल्याचा संघ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. शिक्षक, कारकून, दुकानदार अशी मोहल्ल्यातली मंडळी, आणि रविवारी सकाळी सामना. मीही एकेकाळी खेळायचो. गुडघा गेल्यावर सगळ्यांनी मिळून मला सिलेक्टर केलं, कारण शिव्या खायला दुसरं कोणी तयार नव्हतं. आमच्याकडे एक रीत आहे. शनिवारी संध्याकाळी गुप्ताजींच्या चहाच्या दुकानाबाहेर जो फळा टांगलाय, त्यावर दुसऱ्या दिवशीची अकरा नावं खडूने लिहायची, आणि एकदा लिहिलेलं नाव पुसायचं नाही. फार पूर्वी एकाचं नाव पुसून दुसऱ्याचं लिहिलं होतं. तो दुसरा सामन्याच्या सातव्या मिनिटाला हात मोडून घेऊन बसला. तेव्हापासून सामना संपेपर्यंत गुप्ताजी फळ्याजवळ ओलं फडकं जाऊ देत नाहीत. दहा नावं मी एका दमात लिहायचो. अकराव्या ओळीशी आलो की खडू थांबायचा, चहा यायचा आणि भांडण सुरू व्हायचं. साळा की बापट?

बापट बँकेत होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं काहीच नव्हतं, आणि चांगलं शोधायला जरा वेळ लागायचा. सामन्याच्या अर्धा तास आधी हजर, बूट चकचकीत, चेंडू आला की जवळ जो कोणी असेल त्याच्या हवाली करून मोकळे. इतक्या वर्षांत त्यांनी एक घोडचूक केली नाही आणि एक गोलही केला नाही. आणि आमचा साळा! त्याचा डावा पाय देवाने अगदी फुरसतीत घडवलेला. एकदा कॉर्नरवरून त्याने चेंडू असा उचलला, की आम्हाला वाटलं गेला बाहेर. आणि तो वळून थेट जाळ्यात. समोरच्या गोलकीपरने टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, अगं, तुझ्या भावाच्या पायाची दृष्ट काढ. पुढच्याच रविवारी साळेबुवा अर्धा सामना एका जागी उभे! हाफ टाइमला विचारलं तर म्हणतो कसा, "जीजाजी, आज मनच नाही लागून राहिलं. जबरदस्ती काहून करायची?"

आता यावर माणसाने काय बोलावं? रागवायला जावं तर तो आपल्यापेक्षा जास्त काळजीने आपल्याच गुडघ्याची चौकशी करायचा. राहायला शहरातच, मदन महलला. तिथून चेरीतालला यायला लागतो किती वेळ? पण रविवारी वाटेत त्याला सगळं जग भेटायचं. कधी कोणाची स्कूटर ढकलून द्यायची असायची, कधी स्टेशनवर कोणी आजीबाई दोन गाठोडी घेऊन भलत्याच प्लॅटफॉर्मवर उभ्या असायच्या. "गाडी सुटली असती न त्यांची!" हे तो आम्हाला, शिट्टी होऊन दहा मिनिटं झाल्यावर, बुटाची नाडी बांधत समजावून सांगायचा. सोपा गोल मारायला त्याला लाज वाटायची. रिकाम्या गोलात तर गायही चेंडू ढकलेल, म्हणायचा. एकदा तर पायात चेंडू असताना कडेच्या प्रेक्षकाला विचारत होता, "काय काका, पोरीचा रिझल्ट लागला का?" काका आनंदाने पास झाली म्हणाले आणि तेवढ्यात चेंडू गेला.

पण लोक यायचे ते त्याच्यासाठीच, हेही खरं. शेजारच्या पनागर गावाहून हातगाडीवर भाजी घेऊन येणारा एक भैया होता. तो रविवारी मैदानाशी गाडी थांबवायचा आणि मला एकच विचारायचा, "आज वो बाएँ पैर वाले भैया खेल रहे हैं न?" हो म्हटलं की मेथीच्या जुड्यांवर पाणी मारून तिथेच बसायचा. मग भाजी वाळली तरी त्याला पर्वा नसे.

घरी तरी आधार मिळावा, तर आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "माझा भाऊ आहे म्हणून घेऊ नका, आणि माझा भाऊ आहे म्हणून काढूही नका." झालं! मोहल्ला म्हणायचा मी साळ्याला पोसतो. सासुरवाडी म्हणायची मी त्याला वर येऊ देत नाही. दर शनिवारी चहाचे दोन राउंड व्हायचे, कप्तान टेबलावर हात आपटायचा, बापट स्वतःच म्हणायचे, "घ्या न त्यालाच, मी काय, बाहेर बसीन." आणि शेवटी मी सुस्कारा सोडून अकराव्या ओळीत साळ्याचं नाव लिहायचो. बारा वर्षं! पाचात एखाद्या सामन्यात तो माझी लाज राखायचा. उरलेल्या चारांत मी मान खाली घालून शेंगा सोलायचो.

मग गेल्या वर्षीची सेमी फायनल आली. सामना पनागरच्या संघाशी, शेवटची काही मिनिटं, गोल कोणाचाच नाही. साळ्याने मध्यातून चेंडू घेतला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, तिसरा आपणच घसरला. पुढे फक्त गोलकीपर, आणि तोही धावत येताना पाय मुरगळून धपकन पडला. गोल मोकळा. सगळं मैदान उभं. आणि आमचे साळेबुवा चेंडूवर पाय ठेवून थांबले! "उठो भैया, चोट तो नहीं लगी?" गोलकीपर कण्हत होता, हा वाकून बघत होता. मागून पनागरचा एक जण आला, त्याने पायाखालचा चेंडू काढला, लांब टोलवला आणि दुसऱ्या टोकाला गोल झाला. आम्ही हरलो. कप्तान रडला हो, भर मैदानात, चाळिशीचा माणूस. साळा म्हणाला, "पडलेल्या माणसासमोर काय गोल मारायचा?"

त्यानंतरच्या शनिवारी चहा एकदाच आला. कोणी भांडलं नाही. कप्तान एवढंच म्हणाला, "आता पुरे, भाऊ." मी खडू उचलला आणि अकराव्या ओळीत बापट लिहिलं. हात थांबला नाही, याचं मलाच नवल वाटलं. इतका थकलो होतो मी.

थोड्या वेळाने साळा आला. फळा वरून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. "चलो, अच्छा झालं," म्हणाला, "तुमच्या डोक्याचा ताप गेला." चहा घेतला, गुप्ताजींशी हसला, निघाला. रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला. "जीजाजी, एक विचारू? मी खरंच इतका खराब खेळतो का?"

बारा वर्षांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. तेव्हा मी सांगायला हवं होतं, अरे वेड्या, तुझ्यासारखं खेळताना मी कोणाला पाहिलं नाही. त्या कॉर्नरसाठी मी आणखी बारा वर्षं शिव्या खाईन. पण गुडघा ठणकत होता, घरी जायचं होतं. मी म्हटलं, "तुझा भरवसा नाही रे." "बरोबर आहे," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या भैयाने नेहमीचं विचारलं. मी नाही म्हटलं. "अच्छा," म्हणाला आणि गाडी ढकलत पुढे गेला. आम्ही तो सामना जिंकलो. काय खेळलो ते विचाराल तर मला सांगता यायचं नाही.

पुढे बापटांची बदली झाली आणि साळ्याचं नाव आपोआप फळ्यावर परत आलं. त्या रविवारी तो अर्धा तास आधी हजर! बुटांना पॉलिश, नाड्या बांधलेल्या. मला वाटलं घरी काही झालं की काय. चेंडू आला की तो जवळच्याला देऊन मोकळा. पुढच्या रविवारी तसंच, त्याच्या पुढच्याही. आता सहा महिने होत आले. कप्तान खूश आहे, सगळ्यांना सांगतो, "सुधरला." सासुरवाडीही खूश. त्याची संघातली जागा आता पक्की आहे, कोणाची ना नाही. भाजीवाला भैया मात्र मैदानाशी थांबत नाही.

गेल्या रविवारी चेंडू त्याच्याकडे आला आणि समोर एकटा गोलकीपर. साळ्याचा खांदा जरा झुकला, डावा पाय मागे गेला, आणि अरे देवा, मी ओळखलं! मी दुखऱ्या गुडघ्यानिशी ताडकन उठलो आणि ओरडलो, "मार!" त्याने माझ्याकडे पाहिलं. मग चेंडू हळूच उजवीकडच्या मोकळ्या गड्याला दिला. त्याने सोपा गोल मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सामना संपल्यावर तो माझ्याजवळ आला. घाम पुसत म्हणाला, "बरोबर केलं न, जीजाजी?"

"बरोबर केलंस," मी म्हटलं. याहून मोठं खोटं मी बायकोशीही बोललेलो नाही.

काल शनिवार होता. फळा लिहायला घेतला. साळ्याचं नाव चौथ्या की पाचव्या ओळीत सहज येऊन गेलं. चहा यायच्या आतच अकरा नावं लिहून झाली होती. मग चहा आला, आणि कोणाला काही बोलायला विषयच नव्हता.